वर्षातून एक दिवस बंद

दौंडला मी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी एक पाटी होती. हा रस्ता खासगी आहे, आम रहदारीसाठी नाही, अशा अर्थाचं तिच्यावर लिहिलेलं होतं. तिच्याखालून दिवसभर सायकली, टांगे, भाजीच्या हातगाड्या आणि कोळशाचे ट्रक बिनदिक्कत ये-जा करत. ती पाटी कोणी वाचत नसे. मी मात्र शाळेत जाताना वाचायची आणि येतानाही वाचायची, आणि दोन्ही वेळा माझं तोंड कडू व्हायचं. बरोबरच्या बाई एकदा म्हणाल्या, “अहो, एव्हाना पाठ झाली असेल की.” पाठ होतीच. दौंडला यायच्या आधीच शिरूरला झाली होती. तिथे पाटी नव्हती, फाटक होतं.

शिरूरच्या मिशन कंपाउंडात माझा जन्म झाला. माझे वडील तिथे फाटकवाले होते. कंपाउंडाला दोन फाटकं. एक दौंडकडून येणाऱ्या रस्त्यावर, दुसरं गावातल्या बाजारपेठेकडे. या दोघांच्या मधून कडुलिंबांच्या सावलीतला मुरमाचा रस्ता जायचा. एका अंगाला चर्च आणि दवाखाना, दुसऱ्या अंगाला आम्हा नोकरमाणसांच्या खोल्यांची ओळ. रस्ता मिशनचा, पण चालायचं सगळं गाव. बाजारहाट करणाऱ्या बाया, शाळेची पोरं, बैलगाड्या, मेंढरं, सगळ्यांना तो जवळचा पडे. कोणी विचारत नसे, कोणी अडवत नसे. दौंडकडच्या फाटकाशी गोऱ्या साहेबाच्या वेळची एक फळी होती. ‘सावकाश हाका. मुले खेळतात.’ ती बैलगाड्यांसाठी लिहिली होती हे त्या ‘हाका’वरूनच कळायचं.

आणि वर्षातून एक दिवस तो रस्ता बंद व्हायचा.

नाताळ झाला की पुढचा जो बाजाराचा दिवस येईल, त्या दिवशी वडील पहाटे उठून दोन्ही फाटकांना कुलपं लावत आणि दौंडकडच्या फाटकाशी स्टूल टाकून बसत. हा रिवाज जुन्या साहेबाने घालून दिलेला होता. त्याने वडिलांना समजावून सांगितलं होतं, की लोकांना वर्षानुवर्षं मोकळं जाऊ दिलं तर एक दिवस कायदा म्हणेल हा रस्ता लोकांचाच. वर्षातून एकदा बंद केला, म्हणजे इतर दिवशी जातात ते आपल्या परवानगीने जातात, हे सिद्ध होतं. आणि नुसतं कुलूप लावून भागत नाही. कोणीतरी यावं लागतं, त्याला नाही म्हणावं लागतं आणि त्याने माघारी फिरावं लागतं. तेव्हा कुठे रस्ता बंद केला असं होतं.

साहेब मायदेशी निघून गेला, मिशनची मालमत्ता ट्रस्टींच्या हाती आली, पण वडिलांनी तो दिवस कधी चुकवला नाही. बाजाराचा दिवस म्हणून माणसं येतच. वडील उभे राहून, टोपी काढून त्यांना सांगत, आज रस्ता बंद आहे, माफ करा. वर गुळाचा खडा देत. गावाला त्याची गंमत वाटायची. काही पोरं नुसती गुळासाठी माघारी फिरायला येत.

सगळ्यात नेमाने यायचे ते एक धनगर आबा. रोज त्यांची मेंढरं कंपाउंडातून नदीवर जात. त्या दिवशी बंद असणार हे त्यांना पक्कं ठाऊक असे, तरी मुद्दाम सगळा कळप घेऊन फाटकाशी येत.

“आज रस्ता बंद हाय जणू?” आबा विचारत.

“व्हय आबा. आजचा दिवस मिशनचा.”

“मंग फिरतो माघारी.”

पण आधी चहा व्हायचा. मेंढरं फाटकाबाहेर धूळ उडवत उभी आणि हे दोघे गजांच्या आतबाहेर बसून बशीतून चहा पिताहेत, हे चित्र मी लहानपणापासून पाहिलं. आबांना वाटायचं, आपण माघारी फिरलो नाही तर या पाव्हण्याची, म्हणजे माझ्या वडिलांची, नोकरी पुरी होत नाही. खरं म्हणजे त्यांचं काही चुकत नव्हतं.

पुढे ट्रक आले. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे सिमेंट, तेलाचे डबे, खताची पोती असा माल दौंडच्या मालधक्क्यावर उतरून ट्रकने यायचा. गावात शिरताना जकात नाका लागे. दौंडच्या एका ठेकेदाराने शोध लावला की मिशनच्या कंपाउंडातून घुसलं तर नाका टळतो. त्याचे ट्रक आमच्या दारावरून धडधडत जायला लागले. आई अंगणात वाळत घातलेली डाळ दिवसातून दोनदा झटकायची. वडील ट्रस्टींकडे गेले. ट्रस्टी म्हणाले, बघू. त्याच सुमाराला चर्चच्या नव्या हॉलचा चौथरा उभा राहत होता आणि त्याचं सिमेंट त्याच ट्रकने येत होतं. त्यामुळे ते बघणं कधी संपलंच नाही.

त्या ठेकेदाराचा पुतण्या ट्रक शिकत होता. परवाना नव्हता. पक्का ड्रायव्हर दौंडहून फाटकापर्यंत ट्रक आणायचा, फाटकात शिरला की बाजूला सरकायचा आणि पुतण्या चाक हातात घ्यायचा. आत पोलीस नाही, नाका नाही, कोणी अडवणारं नाही. शिकायला याहून चांगली जागा कुठली. वडील हात वर करून ‘सावकाश’ म्हणायचे. तोही आतून हात वर करायचा, जणू वडिलांनी त्याला रामराम घातला होता.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंगला मला जागा मिळायची होती, तिथल्या मेट्रनबाई मला बघून गेल्या होत्या, आणि आईने माझ्यासाठी पांढऱ्या साड्यांचं कापडसुद्धा मनाशी ठरवून टाकलं होतं. सकाळी शाळेला निघाले होते. रस्त्याच्या कडेने, लिंबांच्या खालून. दवाखान्याच्या कोपऱ्यावरून ट्रक वळला तो आवाज मी ऐकला. मी बाजूला झाले, पण ट्रकही बाजूलाच आला. पुढचं मला धड आठवत नाही आणि आठवावंसंही वाटत नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

नर्सला पाय लागतात. नगरहून मेट्रनबाईंचा निरोप आला, त्यात फार प्रेमाने हेच सांगितलेलं होतं.

हवालदार पंचनाम्याला आला तोच खांदे उडवत. “हे आत झालंय. रस्त्यावर न्हाई,” तो वडिलांना म्हणाला. वडिलांना कळेना. पायाखाली रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, मधोमध चाकांच्या चाकोऱ्या, आणि हा म्हणतो रस्त्यावर नाही. वडील फौजदारापर्यंत गेले, विनवण्या केल्या, तेव्हा कुठे खटला उभा राहिला. परवाना नसताना चालवणं, बेफाम चालवणं, आणि निष्काळजीपणाने इजा करणं, अशी कलमं लावली.

सरकारी वकील बरा माणूस होता. त्याने वडिलांना नि मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. मोटारीचा कायदा सार्वजनिक जागेला लागतो. सार्वजनिक म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा, मग जमीन कोणाची का असेना. हा रस्ता लोकांच्या हक्काचा झाला आहे असं कोर्टाला पटलं, तर पुतण्याला परवाना हवा होता, वेगाला मर्यादा हवी होती, सगळं लागू होतं. नुसत्या परवानगीचा असला, तर आत कसाही चालवला तरी मोटारीच्या कायद्याला तोंड नाही. मग उरतं ते निष्काळजीपणाचं एकच कलम, आणि तिथे पुतण्या म्हणणार की पोरगीच मधे आली. शेजारी बसलेला पक्का ड्रायव्हर त्याच्याच बाजूने बोलणार, आणि पाहणारं दुसरं कोणी नव्हतं.

“तो फाटक बंद करायचा प्रकार आड येतोय,” तो म्हणाला. “एवढ्या वर्षांत एखादं वर्ष राहून गेलंच असेल. दोन-तीन राहिली असली तर फारच उत्तम. नीट आठवा.”

“आठवतो साहेब,” वडील म्हणाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, “म्हणा की राहिलं. कोण बघाया बसलं हाय?”

“पुस्तकावर हात ठेवायचा हाय,” वडील एवढंच म्हणाले.

 माझी इच्छा काय होती हे मी आज लपवणार नाही. वडिलांनी खोटं बोलावं अशी माझी इच्छा होती. मी रोज रात्री प्रार्थनेत तेच मागत होते, आणि ते मागायला मला जराही लाज वाटत नव्हती. मला पाय परत मिळणार नव्हता. मला फक्त कोणीतरी खुर्चीत बसून म्हणायला हवं होतं, की तो रस्ता होता, आणि त्यावर असं चालवायचं नसतं.

कोर्टात मी पुढच्या बाकावर कुबड्या आडव्या ठेवून बसले. वडील धुतलेला सदरा घालून उभे राहिले. सरकारी वकिलाने विचारलं, लोक रोज जातात का? जातात. कोणी परवानगी मागतं का? नाही. रोजच्या दिवशी कधी कोणाला अडवलं का? नाही. सगळं ठीक चाललं होतं. मग ठेकेदाराचा वकील उठला. तो पुण्याहून आलेला होता आणि त्याचा आवाज फार मऊ होता.

“तुम्हाला फाटकावर ठेवलंय ते कशासाठी?”

“राखणीसाठी.”

“आणि वर्षातून एक दिवस फाटक लावण्यासाठी. बरोबर?”

“व्हय.”

“पण ते तुम्ही लावत नव्हता. मिशनचा पगार खाल्ला आणि एका दिवसाचं काम, तेसुद्धा अंगचोरी करून टाळलं. असंच ना?”

वडिलांची मान ताठ झाली. ती ताठ होताना मी पाहिली.

“न्हाई साहेब. असं कुणी म्हणू नये.”

“म्हणजे एखादं वर्ष चुकलं असेल.”

“एक न्हाई चुकलं.”

“आजारी पडला असाल की कधीतरी.”

“एकदा हिवतापानं पडलो होतो. तवा बायकोनं कुलूप लावलं. मी खाटंवरनं किल्ली दिली आन् फाटकाशी बस म्हणून सांगितलं. त्या साली बी माणसं माघारी फिरली. इचारा कुणाला बी.”

हे शेवटचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सरकारी वकिलाने हातातलं पेन खाली ठेवलं. पुण्याच्या वकिलाने मान लववली, फार अदबीने, आणि म्हणाला, “तुमच्यासारखी इमानी माणसं आता मिळत नाहीत.” वडिलांना ते खरंच वाटलं. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला होता.

लोक म्हणतात, पुस्तकावर हात होता म्हणून ते खरं बोलले. चर्चच्या मंडळीत कितीतरी दिवस तशी त्यांची तारीफ चालली होती. मला ते पटत नाही. देव होता म्हणून नव्हे, कोणी कामचुकार म्हणालं म्हणून ते बोलले. आयुष्यात त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. एक दिवस न चुकवल्याचा अभिमान तेवढा होता, आणि त्या गृहस्थाने नेमका त्यालाच हात घातला.

त्यानंतर आबा. सरकारी वकिलाची शेवटची आशा तीच होती, की एक बाहेरचा, जुना माणूस सांगेल की आम्ही हक्काने जात होतो. आबा तोवर बाहेर व्हरांड्यात बसले होते, वडील काय बोलले ते त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी घोंगडी नीट खांद्यावर घेतली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि सुरुवात तर झकास केली.

“माझ्या बापापासनं जातुया. दररोज. कुणी इचारत न्हाई.”

मग तो मऊ आवाज उठला. “आबा, हा फाटकवाला आळशी आहे असं मी ऐकलं. फाटक लावायच्या दिवशी झोपा काढतो म्हणे.”

“कोन म्हनतं?” आबा म्हणाले. “दरसाली लावतो. मी सोता माघारी फिरतो. त्याच्यावानी मानूस न्हाई.”

“तुम्ही का फिरता माघारी? तुमचा हक्क आहे ना रस्त्यावर?”

“हक्क कशाचा? रस्ता मिशनचा. त्यांनी न्हाई म्हनलं की आपण फिरावं. माणुसकी हाय का न्हाई?”

ते खाली उतरताना माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, “बिनघोर ऱ्हा पोरी. तुझ्या बापाला नाव ठेवत व्हता. मी ठेवू दिलं न्हाई.”

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

निकाल लागला. मॅजिस्ट्रेट सभ्य होते, मला वाईट वाटतं असं म्हणाले. पण पुराव्यावरून ती जागा सार्वजनिक ठरत नव्हती. लोक तिथे परवानगीने जात होते, हक्काने नव्हे, आणि याला खुद्द फिर्यादी पक्षाचेच साक्षीदार होते. तिथे ट्रक चालवायला परवान्याची गरज नव्हती. तिथे वेगाची मर्यादा नव्हती. साहेबाची फळी ही सरकारी खूण नव्हती. निष्काळजीपणाच्या कलमात संशयाचा फायदा देऊन पुतण्याला सोडलं. फाटकाच्या बाहेर, खांबापासून वीतभर पलीकडे मी पडले असते, तर कायद्याने मला ओळखलं असतं. आत मी कोणीच नव्हते.

ट्रस्टींचे सेक्रेटरी त्या संध्याकाळी आमच्या खोलीवर आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि जाताना वडिलांना म्हणाले, “देवाची योजना आपल्याला कळत नाही. पण रस्ता मिशनचाच आहे, हे आता कोर्टानेही म्हटलं.” आई उठून आत गेली. मला त्या माणसाच्या अंगावर कुबडी फेकावीशी वाटली. फेकली नाही एवढंच.

वडील त्यानंतर घरात फारसं बोलेनासे झाले. मी काही मागितलं की लगेच उठून आणत, पण माझ्याकडे बघत नसत. मीही त्यांना कधी बोलले नाही, की तुम्ही हे काय केलंत. ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. एकाच खोलीत, एकाच ताटात जेवून दोन माणसं इतकी लांब असू शकतात, हे मला त्या वर्षी कळलं. मरेपर्यंत ते अंतर काही कमी झालं नाही.

वर्ष फिरून नाताळ आला. मग बाजाराचा दिवस आला. मला वाटत होतं, यंदा वडील फाटक लावणार नाहीत. आता कशासाठी लावायचं? रस्ता मिशनचा आहे हे कोर्टाने सांगून झालं होतं, माझ्या पायावर सांगून झालं होतं. पण पहाटे किल्ल्यांचा आवाज आला. मी कुबड्या घेऊन दारात येऊन बसले. वडिलांनी दोन्ही फाटकं लावली, स्टूल टाकलं आणि गुळाची पुडी मांडीवर घेऊन बसले.

उन्हं वर आल्यावर आबा आले. बरोबर कळप होता, आणि हातात दुधाची कासंडी होती. ती त्यांनी गजांतून आत सरकवली.

“पोरीसाठी,” ते म्हणाले. “मेंढरांच्या वाड्यावर व्हतो, दूर चारनीला गेल्तो, तवा इचाराया जमलं न्हाई. काम झालं न्हवं पोरीचं? मी सांगितलं त्याचा उपेग झाला न्हवं?”

मी वडिलांकडे बघत राहिले. आता सांगतील, असं मला वाटलं. आता निदान या म्हाताऱ्याला तरी ते सांगतील, की आपण दोघांनी मिळून काय करून ठेवलं.

“झालं आबा,” वडील म्हणाले. “तुमच्यामुळं झालं.”

आबा इतके खूश झाले की हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ठरल्याप्रमाणे म्हणाले, “आज रस्ता बंद हाय जणू?”

“व्हय आबा. आजचा दिवस मिशनचा.”

“मंग फिरतो माघारी.”

चहा झाला, मेंढरं वळली. दुपारी सिमेंटचा ट्रकही आला. फाटक बंद बघून पुतण्याने भोंगा वाजवला. वडील उठले, टोपी काढली, आज बंद आहे म्हणाले आणि गुळाचा खडा पुढे केला. त्याने तो घेतला, तोंडात टाकला आणि ट्रक मागे घेऊन नाक्याच्या वाटेने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी कुलूप काढलं. पहिला आत शिरला तो तोच ट्रक. वडिलांनी ‘सावकाश’ म्हणून हात वर केला, आणि आतून त्यानेही हात वर केला.